जमिनीवरचं आणि जमिनीखालचं

"कंपनीत आहे काय, सांग की!" अण्णानं दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. बागलकोटकडची सगळी खाण आत्तापर्यंत त्या तळहातांवरच होती आणि बोलता बोलता वाऱ्यानं उडून गेली, असा त्याचा चेहरा झाला होता.

सुनंदाला हसू आलं. थोरल्या भावाचं हे वाक्य ती वडील गेल्यापासून ऐकत आली होती. आप्पाजींनी डोलोमाइटच्या त्या लहानशा खाणीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, निम्मे शेअर्स श्रीरंगअण्णाला दिले, उरलेले सुनंदा आणि धाकट्या बसवंतात सारखे वाटले आणि निश्चिंत मनानं डोळे मिटले. तेव्हापासून खाण अण्णा चालवत होता. पोलादाच्या कारखान्यांना दगड जात होता, दर उन्हाळ्यात भावंडांना थोडाफार लाभांश मिळत होता, आणि तो देताना दर उन्हाळ्यात अण्णाचे तळहात उघडत होते.

पण आज नुसतं हसून भागणार नव्हतं. चामराजपेटेतलं तिचं घर विकायला निघालं होतं. म्हणजे घर मल्लाप्पांचं. ती तिथे शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून भाड्यानं राहत होती. मल्लाप्पांना आता मुलाकडे दावणगेरेला जायचं होतं. एक बिल्डर रोज फोन करत होता. तरी जुनी ओळख म्हणून त्यांनी आधी तिला विचारलं. "टीचर, महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग मात्र मला बोल लावू नका," असं ते म्हणाले, आणि जाता जाता गुळाचा खडा देऊन गेले, त्यामुळे तिला त्यांच्यावर रागावताही येईना. जन्मभर भूगोल शिकवून साठवलेलं सगळं एका बाजूला ठेवलं, तरी घराला सत्तर लाख कमी पडत होते. आणि विकण्यासारखी गोष्ट तिच्याजवळ एकच होती, कंपनीचे अडीच हजार शेअर्स.

ते विकायचे म्हणून आज, रविवारी, राजाजीनगरला अण्णाच्या घरी सगळे जमले होते. जेवणं अजून व्हायची होती. आत सत्यवतीवहिनी केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, ढवळत होत्या आणि बाहेरचं एकही वाक्य सुटू नये म्हणून कुकरची शिट्टी त्यांनी मुद्दाम उशिरा लावली होती.

"शेअरची दर्शनी किंमत शंभर रुपये," अण्णा म्हणाला. "मी तुला हजार देतो म्हणतोय, नंदे. दसपट! दुसरा कुणी असता तर दारातून परत पाठवला असता."

"म्हणजे पंचवीस लाख."

"मग? थोडे झाले?"

"थोडे कसे? मल्लाप्पा त्यात मला अंगण देतील आणि तुळशीची कुंडी. पावसात छत्री उघडून बसेन."

बसवंत मोठ्यानं हसला. होसकोट्याला त्याचं लोखंडी रॅक बनवायचं वर्कशॉप होतं. रविवारीसुद्धा त्याच्या शर्टाला वेल्डिंगचा वास यायचा. "अक्का बरोबर बोलते," तो म्हणाला. "अण्णा, स्वल्प वाढव की. माणसाला भिंती तरी लागतात."

सुनंदानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. लहानपणी तिच्या वाटणीचे शेंगदाणे खाणारा हा मुलगा आज तिच्या बाजूनं बोलत होता.

"वाढवायचं कशातून?" अण्णा म्हणाला. "खाण म्हणजे काय आंब्याचं झाड आहे, दरवर्षी फळ धरायला? दगड काढला की कमी होतो. सहा वर्षांनी लीज संपणार. सरकार पुढे देईल न देईल. मशीनं म्हातारी, मी म्हातारा. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचारा." त्यानं खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या आपल्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिला तर परक्या कंपन्यांची किंमत करायचा पगार मिळतो!"

सुखदा खरंच एका गुंतवणूक संस्थेत लहान कंपन्यांचे ताळेबंद वाचायचं काम करत होती. बोलायची कमी. लहान असताना दुकानदारानं दिलेली मोड ती तिथेच उभी राहून मोजायची, आणि मागे रांग लागली तरी तिला लाज वाटायची नाही. तिनं वर पाहिलं. "मी करू बाबा? नंतर मला बोलायचं नाही."

"कर. पण कडक कर. मुलगी म्हणून नाही, आत्याची लाडकी म्हणूनही नाही. उद्या सकाळी कंपनीला कुलूप लागणार आहे, असं समजून कर. बघू काय उरतं!"

अण्णा हे इतक्या जोरात म्हणाला, की आतली ढवळण्याची खरखर क्षणभर थांबली.

"उद्या कुलूप लागणार असं धरायचं," सुखदानं पुन्हा विचारलं. "चालेल?"

"चालेल! बसवंता, तू साक्षीदार."

"मी साक्षीदार," बसवंत म्हणाला.

कुलूप लागलेल्या खाणीचे सत्तर लाख कसे येणार? भाचीला थांबवावं असं सुनंदाला वाटलं. पण सुखदानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच सुनंदाला आवडलं.

"एक मिनिट, एक मिनिट," निहार म्हणाला. निहार हा सुखदाचा नवरा, पुण्याचा, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत कामाला. या घरात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती आणि 'सरी सरी', म्हणजे 'बरं बरं', एवढं म्हणण्यापलीकडे त्याची कन्नड गेली नव्हती. तेही तो चुकीच्या जागी म्हणायचा. "बाबा, हे फार ओल्ड स्कूल आहे. बॅलन्स शीट म्हणजे पास्ट. आपण फ्यूचर बघायचं. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम असतं, राइट? मॅग्नेशियम म्हणजे हलक्या गाड्या, ड्रोन, बॅटरी. आपली स्टोरी काय आहे? 'क्रिटिकल मिनरल्स'! मी सांगतो, वीस कोटींची कंपनी आहे ही. इझी."

"वीस कोटी?" बसवंत खुर्चीत सरळ झाला.

"म्हणजे शेअरला वीस हजार. मी कन्झर्व्हेटिव्ह बोलतोय."

"आपला दगड भट्टीत टाकतात, जावईबापू," अण्णा म्हणाला. "त्याचं ड्रोन होत नाही."

"आज होत नाही, बाबा. सरी, सरी. पण उद्या?"

"उद्या कुलूप लागणार आहे, असं आत्ताच ठरलंय," सुनंदा म्हणाली. सगळे हसले, निहारही हसला. पण बसवंतच्या ओठांवर ते वीस हजार अजून हलत होते.

सुखदानं कागद मागितला. लॅपटॉप मिटला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं मधोमध उभी रेघ मारली. "सगळ्यांना कळेल असं लिहिते," ती म्हणाली. "हातात येईल ते डावीकडे, द्यायचं असेल ते उजवीकडे. बाबा, बँकेत आणि ठेवींत किती आहेत?"

"आहेत थोडेसे."

"तीन कोटी दहा लाख. ताळेबंदात आहेत. तुमचीच सही आहे."

सुनंदानं अण्णाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या स्कूटरकडे पाहत होता.

"रोख पैसा. हा पूर्ण धरते, शंभर नव्या पैशांचा रुपया. आता कारखान्यांकडून यायची येणी. ऐंशी लाख. त्यात कुणी बुडवेल, कुणी रडवेल. साठ धरते. खाणीवर काढून ठेवलेला दगड, साठ लाखांचा. कुलूप लागलं तर घेणारा पाडून मागेल. निम्मे, तीस. मशीनं…"

"मशीनं चांगली आहेत," अण्णा पटकन म्हणाला.

"आत्ता म्हातारी होती ना?"

"म्हातारी आहेत, पण चालतात! मी चालत नाही का?"

"तुम्हाला मोडीत नाही घालत, बाबा. मशीनं घालते. लोखंडाच्या भावानं वीस लाख. होसकोट्याची जागा…" इथे बसवंत जरा चुळबुळला, कारण त्याचं वर्कशॉप कंपनीच्या त्याच जागेवर उभं होतं आणि भाडं असं कुणी कधी मागितलं नव्हतं. "ती आजोबांनी घेतली त्याच भावानं. दहा लाख. आजचा भाव बघत नाही."

"ते बरं," बसवंत म्हणाला.

"आणि खाण? जमिनीत अजून आहे तो दगड?" सुनंदानं विचारलं. एवढी वर्षं तिनं मुलींना नकाशावर कर्नाटकातली खनिजं दाखवली होती. तिला ते विचारल्याशिवाय राहवेना.

"शून्य, आत्या."

"शून्य?"

"जमिनीखालचं आपण धरत नाही. दिसत नाही, काढायला पैसा लागतो, आणि लीज आपली राहील याची खात्री नाही. डोळ्यांना दिसतं आणि विकता येतं, तेवढंच." तिनं बेरीज केली. "चार कोटी तीस. आता उजवीकडे. लोकांची देणी चाळीस लाख. कामगारांची ग्रॅच्युइटी पस्तीस. ती आधी, तिला हात लावायचा नाही. आणि खाण बंद करताना खड्डा बुजवायचा, कुंपण घालायचं, झाडं लावायची, त्याला पंचावन्न."

"पंचावन्न फार होतात," अण्णा म्हणाला.

"म्हणजे कमी धरू? मग किंमत वाढेल."

अण्णाला आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय हे क्षणभर कळेना. "राहू दे. पंचावन्न राहू दे."

"एक कोटी तीस गेले. उरले तीन कोटी. दहा हजार शेअर्स." सुखदानं पेनाचं टोपण लावलं. "शेअरला तीन हजार रुपये. कुलूप लावून."

आतून कुकरनं एक लांबलचक शिट्टी दिली.

"तीन हजार!" सत्यवतीवहिनी झारा हातात घेऊनच दारात आल्या. "आणि मी मागच्या दिवाळीला फ्रिज मागितला तर म्हणता, कंपनीत आहे काय!"

"अहो, पण ते पैसे कंपनीचे…"

"तीन कोटी दहा लाख बँकेत घालून हा माणूस बसनं बागलकोटला जातो," वहिनी सुनंदाला म्हणाल्या. "साध्या बसनं. रात्रभर. येतो तेव्हा मी त्याच्या पाठीला तेल लावते."

सुनंदाचं मन एकाएकी हलकं झालं. अडीच हजार शेअर्सचे पंच्याहत्तर लाख. घर, नोंदणी, कर, सगळं बसत होतं. अण्णाच्या चिक्कूपणाला आयुष्यभर सगळ्यांनी नावं ठेवली होती. त्यानं ना नवी मशीनं घेतली, ना कर्ज काढलं, ना गाडी घेतली. पैसा आला की ठेव केली, आणि त्या ठेवींतूनच आता तिच्या भिंती उभ्या राहणार होत्या. तिला भावाला मिठी मारावीशी वाटली. पण त्याचं तोंड असं झालं होतं, की मिठी मारली असती तर तो दुखावला असता.

"हे कंपनीच देऊ शकते," सुखदा म्हणाली. "कंपनीनं आत्याचे शेअर्स परत विकत घ्यायचे. बाबांना खिशात हात घालायला नको. फक्त नियमानं सगळ्याच भागधारकांना विचारावं लागतं, तुम्हालाही विकायचेत का म्हणून. बाकीचे नको म्हणाले की झालं."

"मी नको म्हणतो," अण्णा म्हणाला.

सगळ्यांनी बसवंतकडे पाहिलं. बसवंतनं नखातला काळा मळ बघितला. मग कागदाकडे बघितलं. मग म्हणाला, "तीन हजार म्हणजे मलाही पंच्याहत्तर येतात."

"बसू!" सुनंदा म्हणाली.

"तसं नाही अक्का. विचारावं लागतं म्हणाली ना सुखदा? तर मी विचार करतोय."

"काका, एक सांगते," सुखदा सावकाश बोलली. "कंपनीला एका वर्षात फार तर पाव हिस्सा शेअर्स परत घेता येतात. म्हणजे अडीच हजारच. तुम्हीही विकायला काढलेत, तर ते दोघांत वाटले जाणार. आत्याला मिळतील साडेसदतीस लाख."

आत्ता कुठे सुनंदाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि धाकट्या भावानं त्यातल्या दोन उचलून होसकोट्याला न्यायला काढल्या होत्या. ओरडावं, तर लहानपणापासून तिला ठाऊक होतं, बसवंतवर ओरडलं की तो अडून बसतो. शेंगदाण्यांच्या वेळीही असंच व्हायचं. त्याला ओरडायचं नसतं, विचारायचं असतं.

"बसू, घे की तू पण," ती म्हणाली. "हक्क आहे तुझा. काय करणार आहेस पैशांचं?"

"करीन काहीतरी."

"काय?"

"ठेवीन."

"कुठे?"

"बँकेत."

"म्हणजे कंपनीच्या ठेवीतनं काढून तुझ्या ठेवीत. बरं. आणि कंपनीत तुझा संबंध उरला नाही, की होसकोट्याची जागा…" ती अण्णाकडे वळली. "अण्णा, तिथे आता भाडं किती चाललंय रे?"

अण्णाच्या मिशीखाली पहिल्यांदाच काहीतरी हललं. "चौकशी करावी लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "पण बरंच असणार. मेट्रो येते म्हणतात तिकडे."

बसवंत एकदा बहिणीकडे, एकदा भावाकडे बघू लागला. पाच मिनिटांपूर्वी ही दोघं एकमेकांविरुद्ध होती, आणि आता एका पाटावर बसली होती. "हे बरोबर नाही," तो म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

आणि तेव्हा निहारनं, ज्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती, मदत केली. "काका, सीरियसली, तुम्ही तीन हजारला विकताय?" तो कळवळून म्हणाला. "हा तर कुलूप लावलेल्या कंपनीचा रेट आहे! आत्यांना घर घ्यायचंय, त्यांचा नाइलाज आहे. तुम्हाला कसली घाई? पाच वर्षं थांबा फक्त. मॅग्नेशियम!"

"वीस हजार म्हणालास ना?"

"इझी."

बसवंतनं डोळे मिटले. ओठ हलले. अडीच हजार गुणिले वीस हजार हा हिशोब त्याला तोंडी जमला नाही, पण शेवटी शून्यं पुष्कळ येतात एवढं दिसलं असावं. "मी नको म्हणतो," तो म्हणाला. "माझे शेअर्स राहू देत. अक्का, तुझे तू विक. माझ्यामुळे तुझं अडायला नको."

"किती मोठं मन रे तुझं," सुनंदा म्हणाली. तिनं सुखदाच्या नजरेला नजर देणं कटाक्षानं टाळलं. सुखदानंही तोंड फिरवून कॅलेंडरवरचा महिना वाचायला घेतला.

जेवणं झाली. वहिनींनी केसरीबात वाढताना अण्णाच्या पानात तूप अंमळ कमी घातलं आणि म्हणाल्या, "आहे काय घरात!" अण्णानं मुकाट्यानं खाल्लं. एरवी जेवताना तो लोकांच्या पानात काय आहे यावर बोलायचा. आज खाली मान घालून जेवत होता. सुनंदाला वाटलं, हरल्याचं दुःख असेल. एका रविवारात पंच्याहत्तर लाख जाणं अण्णाला सोपं नव्हतं.

हात धुऊन ती मागच्या गच्चीत वाळवण बघायला गेली, तेव्हा तो मागोमाग आला. सांडग्यांच्या कापडाशेजारी उभा राहिला. एक सांडगा उचलला, परत ठेवला.

"नंदे, तीन हजारला देऊ नकोस."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"फसशील. सुखदानं केलं ते बरोबर आहे, पण ते कुलूप लावून. कुलूप कोण लावतंय? पूर्वेच्या अंगाला दगड आहे. चांगला पांढरा दगड. मागच्या वर्षी बोअर मारून बघितलं मी. पंधरा वर्षं पुरेल. लीज वाढवून मिळेल, कागद गेलेत. आणि होसकोट्याची जागा दहा लाखांची नाही आता, नव्वदच्या वर जाईल. पाच हजाराच्या खाली शेअर देऊ नकोस कुणाला."

"सकाळी हजार म्हणत होतास."

"सकाळी मी घेणारा होतो."

"आणि आत्ता?"

अण्णानं सांडग्यांचं कापड सरळ केलं. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी चटई झटकत होतं. सुनंदानं त्याच्याकडे नीट पाहिलं. सत्तरीला टेकलेला, कोपरांवर अजून खाणीचं ऊन असलेला हा माणूस तिला फसवायला निघाला होता, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. आणि फसवणं शेवटपर्यंत त्याला जमणार नाही, हेही. आप्पाजी असताना पत्त्यांत लबाडी केली की तो डाव संपायच्या आत कबूल व्हायचा. पण एवढंच असतं तर तो खोलीत सगळ्यांसमोर बोलला असता. मागे गच्चीत, सांडग्यांपाशी कशाला आला असता?

तिनं मनात हिशोब केला. पाच हजारांनी सत्तर लाख करायला किती शेअर्स लागतील? चौदाशे. म्हणजे अकराशे तिच्याकडेच राहतील.

"अण्णा," ती म्हणाली, "भाव वाढला की मला शेअर्स कमी विकावे लागतील."

"हो का? मी तसा विचार नाही केला."

"केलास. तुला मी कंपनीतून जायला नको आहे."

"काहीतरीच काय? जाणाऱ्याला कोण धरतो!" त्यानं पुन्हा तो सांडगा उचलला. "बसवंत मीटिंगला येतो ते जेवायला. ही मीटिंगला येते ते फ्रिज मागायला. प्रश्न कोण विचारतं? तूच एकटी. गेल्या वर्षी डिझेल एवढं कसं लागलं म्हणून तू मला अर्धा तास छळलंस. तुझ्या भीतीनं मी बिलं नीट लावतो. तू गेलीस तर मी कुणासाठी लावू?"

सुनंदा मागे वळली आणि दोन-तीन सांडगे उलटे करून ठेवले, जरी ते आधीच वाळले होते.

"म्हणून हजार सांगितलास होय? मी रागावून विकायचंच रद्द करीन म्हणून?"

"वाटलं तसं. मग लक्षात आलं, तुझं घर जाईल." त्यानं हातातला सांडगा फिरवला. "ते काही बरं नव्हतं."

"नव्हतंच."

"सरी. मग पाच हजार."

"नाही, पाच नाही," सुनंदा म्हणाली.

"का? मी देणारा वाढवतोय आणि तू घेणारी नको म्हणतेस?"

"पूर्वेचा दगड मी बघितलेला नाही. पंधरा वर्षं म्हणतोस. तू आंब्यांची पेटी आणलीस की पंधरा डझन म्हणतोस आणि निघतात बारा. सुखदानं धरलं ते सगळं मला दिसतं. जमिनीवर आहे तेवढ्याचे पैसे मला पुरे. जमिनीखालचं तुझं."

"जमिनीखालचंही आप्पाजींचंच आहे. त्यात तुझा पाव हिस्सा आहे. साडेचार घे."

"साडेतीन."

"अगं, भाजी मंडईत आहेस का? उलटी घासाघीस करतेस!"

"तूच शिकवलीस. चार."

"चार," अण्णा म्हणाला, आणि हाताला हात लावायला पुढे आला, तर त्याच्या हातात सांडगा होता. त्यानं तो तोंडात टाकला.

चार हजारांनी साडेसतराशे शेअर्स विकावे लागणार होते. साडेसातशे तिच्याकडे राहणार होते, म्हणजे डिझेलचा प्रश्न विचारायचा हक्कही राहणार होता. दोघं खाली आली तेव्हा सुखदानं भाव ऐकला, कागदावरचा तीन हजार खोडला नाही, त्याच्या शेजारी चार लिहिला आणि विचारलं, "हे वरचे हजार कशाचे, बाबा?"

"पूर्वेच्या दगडाचे," अण्णा म्हणाला.

"दिसतो तो?"

"मला दिसतो."

सुखदानं बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे. तिच्या नोकरीत असलं उत्तर कुणी दिलं असतं तर तिनं फाइल परत पाठवली असती. तिनं मान हलवली आणि पुढचा कागद घेतला.

निहार म्हणाला, "बघा, मी म्हटलंच होतं, स्टोरी असते." बसवंत आपले अडीच हजार मनातल्या मनात चारनं गुणत होता. आपण घाई केली की काय, अशी शंका त्याला येत असावी. पण मग त्याला वीस आठवले आणि तो परत शांत झाला.

सरकारी कागदांना लागायचा तो वेळ लागला. मल्लाप्पा आठवडाभर जास्त थांबले आणि बिल्डरचा फोन त्यांनी तेवढे दिवस उचलला नाही. महिना उलटल्यावर खरेदीखत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चामराजपेटेला आला, तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत हातोडी, खिळे आणि आप्पाजींचा फ्रेम केलेला फोटो होता.

"भाड्याचं घर होतं तेव्हा खिळा ठोकायचा म्हणजे मल्लाप्पांची परवानगी," सुनंदा म्हणाली. "दिवाणखान्यात आजवर एक फोटो नाही लावला मी."

"आता पन्नास ठोक. सरक." अण्णानं खुर्ची ओढली, तीवर चढला, भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं आणि कान लावला. पूर्वेच्या दगडालाही त्यानं असाच कान लावला असेल, असं सुनंदाला वाटलं. मग त्यानं खिळा धरला आणि हातोडी मारली. खिळा वाकला. दुसरा घेतला. तोही वाकला. तिसऱ्याला भिंतीचा आंब्याएवढा गिलावा निघून त्याच्या मिशीवर पडला.

"भिंत चांगली नाही," तो खुर्चीवरूनच म्हणाला. "किंमत जास्त दिलीस तू."

सुनंदानं खाली पडलेले खिळे उचलले, त्यातला एक जमिनीवर ठोकून सरळ केला आणि त्याच्या हातात परत दिला.

"जन्मभर डोंगर फोडलास," ती म्हणाली, "आणि एक भोक पाडता येत नाही. उतर खाली. मी ठोकते."